चौदा माणसांच्या ऑफिसला नवा सर्व्हर: कोटेशन बघण्याआधी काय बघायचं

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. कोल्हापूरच्या शाहूपुरीत करसल्ला देणाऱ्या सीएचं ऑफिस, चौदा माणसं, तळमजला आणि पहिला मजला. २०१४ साली घेतलेला टॉवर सर्व्हर, त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२, सोळा जीबी रॅम, पाचशे जीबीच्या चार हार्ड डिस्क रेड ५ मध्ये (एक गेली तरी डेटा टिकेल अशा जोडणीत). टॅलीप्राइम गोल्ड, रिटर्न भरायचं एक सॉफ्टवेअर आणि क्लायंटच्या स्कॅन केलेल्या कागदांचा ढीग, सगळं मिळून ६६० जीबी, वर्षाला साधारण ९० जीबीची भर. २० तारीख जवळ आली की सगळं जाम होतं. गेल्या आठवड्यापासून एका डिस्कचा दिवा केशरी झालाय. आणि हातात तीन कोटेशनं आहेत: दोन प्रोसेसर, वीस कोअर, १२८ जीबी रॅमचा रिफर्बिश्ड रॅक सर्व्हर, नवा छोटा टॉवर, आणि सगळं क्लाउडवर न्यायचा प्रस्ताव. यातलं काय घेऊ?

नवा छोटा टॉवर घ्या. पण कोटेशनमध्ये आहे तसा नको, त्यातले दोन-तीन मुद्दे बदलून. का ते सांगतो, पण आधी त्या केशरी दिव्याचं बघू, कारण नवीन यंत्र यायला दोन-तीन आठवडे जातील आणि तो दिवा तेवढं थांबेलच असं नाही.

रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, हे खरं. पण त्या जागी नवी डिस्क घातली की कंट्रोलर उरलेल्या तीनही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचून काढतो. त्या तिन्ही डिस्क त्याच दिवशी घेतलेल्या, तेवढ्याच चाललेल्या, तेवढ्याच म्हाताऱ्या. वर्षानुवर्षं कोणी हात न लावलेला एखादा कोपरा त्या वाचनात पहिल्यांदा उघडतो आणि तिथंच नेमका सेक्टर खराब निघतो. मग रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा बांधणं, अडकतं आणि सगळा डेटा टांगणीला लागतो. म्हणून डिस्क बदलायला इंजिनिअर आला की त्याला चहा द्या, पण यंत्राला हात लावू देऊ नका. आधी बाहेरच्या यूएसबी डिस्कवर पूर्ण कॉपी घ्या. यूएसबी ३ वर सेकंदाला शंभर एमबी धरले तर ६६० जीबीला दोन तासांच्या आत काम व्हायला हवं. पण तुमच्या सर्व्हरला यूएसबी २ चीच पोर्ट असतील आणि डिस्कही आजारी, तेव्हा शनिवारी संध्याकाळी लावून रविवारी सकाळी बघा. कॉपी झाल्यावर त्यातली पाच-सहा टॅली कंपन्यांची फोल्डर दुसऱ्या पीसीवर उघडून बघा. मगच डिस्क बदला. किंवा मी तर म्हणेन बदलूच नका. रोज रात्री कॉपी घेत नव्या यंत्रापर्यंत ढकला. त्यात एकच जोखीम आहे, दुसरी डिस्क गेली तर ऑफिस तिथंच थांबेल. रोजची कॉपी हातात असेल तर ती जोखीम झेपते.

आता मूळ तक्रार, २० तारखेला जाम होतं. सर्व्हर जुना म्हणून संथ असा सरळ हिशोब बहुतेक जण करतात आणि वेंडर तर करतोच. पण जाम नेमकं कुठं होतंय ते पाहिल्याशिवाय पैसे घालू नका. २० तारखेला दुपारी, जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणाची धांदल चालू असताना, सर्व्हरवर रिसोर्स मॉनिटर उघडून ठेवा. डिस्कच्या पानावर रिस्पॉन्स टाइमचा रकाना असतो, मिलिसेकंदात. दहा-पंधराच्या आत असेल तर डिस्क बरी आहे. पन्नास, शंभर, दोनशे असे आकडे उड्या मारताना दिसले तर दोषी सापडला. ७२०० फेऱ्यांची हार्ड डिस्क सेकंदाला इकडची-तिकडची शंभराच्या आसपासच वाचनं करू शकते. चौदा माणसं एकदम छोट्या छोट्या फायली मागायला लागली की ती संपते. साधी एसएसडी हेच काम हजारोंच्या हिशोबात करते. त्याच खिडकीत मेमरी बघा, उरलेली किती आहे. आणि सीपीयू. माझा अंदाज, तुमचा सीपीयू वीस-तीस टक्क्यांच्या वर जात नसेल. तसं असेल तर वीस कोअरचा सर्व्हर घेऊन तुम्ही न दुखणाऱ्या पायाला मलम लावताय.

आणखी एक ठिकाण आहे, जे कुणी बघत नाही. उद्यमनगरातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात सर्व्हर बदलायचा म्हणून मला बोलावलं होतं. यंत्र तीनच वर्षांचं, एसएसडी असलेलं, ठणठणीत. केबल धरत धरत मागे गेलो तर स्टीलच्या कपाटामागे आठ पोर्टचा एक जुना स्विच, धुळीनं पांढरा झालेला, शंभर एमबीपीएसचा. अख्खं अकाउंट्स खातं त्या एका स्विचमधून सर्व्हरकडे जात होतं. गिगाबिटचा स्विच आणला, दोन केबल नव्या मारल्या, सर्व्हर तोच राहिला. तुमच्याकडे तळमजला आणि पहिला मजला जोडणारी जी केबल आहे तिच्या दोन्ही टोकांना काय आहे ते आज बघा. तपासायला सोपं आहे: पीसीवर नेटवर्क अडॅप्टरचं स्टेटस उघडा, स्पीड १०० एमबीपीएस दिसतो की १ जीबीपीएस ते वाचा. नाहीतर सर्व्हरवरची एक जीबीची फाइल पीसीवर कॉपी करा. दहा-बारा सेकंदात आली तर लाइन गिगाबिट आहे. दीड मिनिट लागलं तर शंभरची. सर्व्हर कितीही भारी आणा, या नळातून सेकंदाला बारा एमबीच्या वर येणार नाही.

यानंतर एक गोष्ट ठरवायची, आणि यंत्राची निवड खरं तर तिच्यावरच टेकलेली आहे: तुमची माणसं टॅली चालवतात कशी? गोल्डमध्ये बहुतेक ठिकाणी टॅली प्रत्येकाच्या पीसीवर असते आणि डेटाचं फोल्डर सर्व्हरवर शेअर केलेलं असतं. या पद्धतीत बेरजा-वजाबाक्या पीसी करतो, सर्व्हर फक्त फायली पुरवतो. म्हणजे सर्व्हरला कोअर नकोत, वेगवान डिस्क आणि चांगली नेटवर्क लाइन हवी. दुसरी पद्धत, सगळे जण रिमोट डेस्कटॉपनं सर्व्हरवरच लॉगिन करतात. तेव्हा चौदा जणांची टॅली, चौदा जणांचं एक्सेल आणि चौदा जणांचे ब्राउझर सगळे त्या एकाच यंत्रात धावतात. रॅम आणि कोअर दोन्ही लागतात, परवान्यांचा खर्चही वेगळाच होतो. तुमच्या लिहिण्यावरून बारा जण शेअरवर काम करतात आणि दोघं घरून रिमोटनं येतात असं दिसतंय. पुढचं सगळं त्या हिशोबानं लिहितोय.

अशा वापराला एक प्रोसेसरचा, झिऑन ई मालिकेतला चार ते सहा कोअरचा टॉवर भरपूर झाला. डेलचा टी१६० किंवा टी३६०, एचपीईचा एमएल३० जेन११, लेनोवोचा एसटी५० व्ही३, सगळे याच घरातले. ब्रँडवरून भांडू नका. कोल्हापुरात ज्याचा इंजिनिअर तुमच्या दारात लवकर येतो तो ब्रँड चांगला. कोअर मोजण्यापेक्षा गिगाहर्ट्झ बघा. रॅम ३२ जीबी, ईसीसी (स्वतःच्या चुका स्वतः दुरुस्त करणारी), आणि शक्यतो एकाच मोठ्या कांडीत, म्हणजे पुढं वाढवायला खाचा मोकळ्या राहतात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळं १२८ जीबीची हौस आत्ता तर अजिबात नको.

डिस्कच्या ओळीवर मात्र वेंडरशी वाद घाला. तुमच्या नव्या टॉवरच्या कोटेशनमध्ये एक टीबीच्या तीन साटा हार्ड डिस्क, रेड ५ आणि मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर रेड लिहिलंय. हे सगळं खोडा. त्याजागी १.९२ टीबीच्या दोन एंटरप्राइझ एसएसडी, रेड १, म्हणजे एकीची हुबेहूब जुळी दुसरी. आज ६६० जीबी, वर्षाला ९० धरले तर पाच वर्षांनी अकराशेच्या पुढं थोडं. विंडोज धरूनही जागा उरते. दुकानात मिळणारी लॅपटॉपची एसएसडी स्वस्त असते म्हणून ती घालून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. एंटरप्राइझ एसएसडीत वीज गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करण्यापुरते कपॅसिटर असतात, लॅपटॉपच्या बहुतेक डिस्कमध्ये ते नसतात. पावसाळ्यात महावितरणची लाइन दिवसातून कितीदा लुकलुकते ते तुम्हाला माहीत आहे. रेड कंट्रोलर वेगळ्या कार्डाचा घ्या. डिस्क समोरून काढता-घालता येतील असा ट्रे असेल तर उत्तम, नसेल आणि त्यापायी मॉडेल बरंच महाग होत असेल तर सोडून द्या. डिस्क बदलायला अर्धा तास यंत्र बंद ठेवणं तुम्हाला जमण्यासारखं आहे.

आता तो वीस कोअरचा रॅक सर्व्हर. कागदावर तो मोहात पाडतो, नव्या टॉवरपेक्षा स्वस्तात दुप्पट-तिप्पट सगळं. असली यंत्रं मोठ्या कंपन्यांच्या डेटा सेंटरमधून निघतात, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर येतात आणि तिथून आपल्याकडे. यंत्रं मुळात मजबूत असतात, नाही म्हणत नाही. पण ती दहा-बारा वर्षांपूर्वीच्या बांधणीची, प्रत्येक कोअरचा वेग आजच्या छोट्या टॉवरपेक्षा कमी, आणि एकेका माणसाच्या कामाला लागतो तो एकेका कोअरचा वेग. शिवाय आवाज. रॅक सर्व्हरचे बोटभर पंखे चालू झाले की शेजारी बसून फोनवर बोलता येत नाही, तुमच्याकडे वेगळी खोलीही नाही. आणि वीज. अशा दोन प्रोसेसरच्या जुन्या यंत्रानं छोट्या टॉवरपेक्षा दीडशे वॉट जादा ओढले असं धरा. २४ तास, ३६५ दिवस, झाली १,३१४ युनिटं. व्यापारी दर युनिटला १२ रुपये धरला तर वर्षाला पावणेसोळा हजार. चार वर्षांत बचत विजेत गेली, एसीचं तर धरलंच नाही. वॉरंटी दुकानदाराची, म्हणजे त्याचा फोन लागेल तोवर. लॅबमध्ये शिकायला किंवा सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवायला असा सर्व्हर मी स्वतः सुचवतो. क्लायंटची पुस्तकं ठेवायला नाही.

परवान्याचं प्रकरण किचकट असतं, पण तुमच्या आकाराच्या ऑफिसला एक सोपी वाट आहे. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपला, म्हणजे तेव्हापासून तुमचा सर्व्हर सुरक्षा अपडेटशिवाय चालू आहे. २०१६ स्वस्तात देतो म्हणणारा भेटेल. त्याची मुदत १२ जानेवारी २०२७ ला संपते, त्याच्या नादी लागू नका. २०२२ ला ऑक्टोबर २०३१ पर्यंत अपडेट आहेत, २०२५ ला २०३४ पर्यंत. आता आवृत्ती. स्टँडर्ड घेतलं तर किमान सोळा कोअरचा परवाना आणि वर प्रत्येक माणसाचा किंवा पीसीचा सर्व्हर वापरायचा परवाना, म्हणजे कॅल, वेगळा. एसेन्शियल्स आवृत्ती पंचवीस वापरकर्त्यांपर्यंत कॅलशिवाय चालते, एका प्रोसेसरच्या, दहा कोअरपर्यंतच्या यंत्रावर. ती सुटी मिळत नाही, सर्व्हरसोबत कंपनीकडूनच घ्यावी लागते. म्हणून ऑर्डर देतानाच सांगा, नंतर आठवून उपयोग नाही. चौदा माणसं, फाइल शेअरिंग, एक छोटा प्रोसेसर: तुमच्यासाठीच काढल्यासारखी आहे. कोटेशनमध्ये स्टँडर्ड लिहून कॅलची ओळ गाळलेली दिसली तर किंमत कमी दिसावी म्हणून ती गाळलीय असं समजा.

काही जण सांगतील, सर्व्हर कशाला, विंडोज ११ प्रोचा चांगला पीसी घ्या आणि फोल्डर शेअर करा. परवान्याप्रमाणं वीस यंत्रांपर्यंत ते चालतं, आणि पाच-सहा जणांच्या ऑफिसला मीही तेच सांगतो. चौदा जणांना, स्कॅनर आणि मोबाइल धरून, ती मर्यादा अंगाला येते. शिवाय ईसीसी रॅम आणि घरपोच वॉरंटी त्यात नाही.

क्लाउडच्या प्रस्तावावर जास्त वेळ घालवत नाही. वाईट म्हणून नाही, तुमच्या कामाला जेमतेमच बसतो म्हणून. दरमाणशी दरमहा भाडं गुणिले चौदा गुणिले साठ महिने, ही आकडेमोड करून टॉवरच्या कोटेशनशेजारी लिहा. तुम्ही सीए लोक, आकडा तुमच्याशी बोलेल. डिजिटल सहीचे (डीएससी) टोकन, स्कॅनर, चेक प्रिंटिंग या गोष्टी क्लाउडवरून चालवताना माणसं वैतागतात. आणि रस्ता खोदताना फायबर तुटली की १९ तारखेला चौदाच्या चौदा जण रिकामे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन असतील, निम्मी माणसं बाहेरगावाहून काम करत असतील, तर मात्र उत्तर बदलतं. तुमच्याकडे क्लाउडचा उपयोग बॅकअपला आहे.

बॅकअपवर मी सर्व्हरइतकंच लिहिणार आहे, कंटाळा करू नका. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. कुणी चुकून फोल्डर उडवलं तर दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी उडतं. रॅन्समवेअरनं फायली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे कुलूपबंद होतात. तुमच्याकडे कंपन्यांची पुस्तकं आहेत. त्यांना इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे, पुस्तकं आठ वर्षं जपायची आहेत, जीएसटीचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने. हे तुम्हाला मी सांगायला नको. मी एवढंच सांगतो की हे सगळं आज एका केशरी दिव्यावर उभं आहे.

तुमच्यासाठी मी असं बांधेन. दोन डिस्कचा एक छोटा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी, पहिल्या मजल्यावर, सर्व्हरपासून लांब, दुसऱ्या खोलीत. रोज रात्री त्यावर सर्व्हरची प्रत, आणि जुन्या तारखांच्या प्रती किमान महिनाभराच्या. या नॅसचा पासवर्ड सर्व्हरच्या अ‍ॅडमिनपेक्षा वेगळा आणि तो कुणाच्याही पीसीवर ड्राइव्ह म्हणून जोडलेला नको. ड्राइव्ह म्हणून दिसतो ते सगळं रॅन्समवेअरलाही दिसतं. त्याशिवाय दोन यूएसबी डिस्क, एक ऑफिसात, एक कुणाच्या तरी घरी, दर शनिवारी अदलाबदल. दोन्हींवर बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) लावा, पॅन-आधारच्या प्रती त्यात आहेत, डिस्क रिक्षात राहिली तर निस्तरायला जड जाईल. रिकव्हरी कीचा कागद छापून बँकेच्या लॉकरमध्ये. तिसरी प्रत क्लाउडवर, भारतातल्या केंद्रात. अ‍ॅझ्युअरचं एक केंद्र पुण्यातच आहे, एडब्ल्यूएसचं मुंबईत. पहिल्यांदा सगळं चढवताना दम लागेल: ५० एमबीपीएस अपलोड असेल तर ६६० जीबीला तीस तासांच्या आसपास. त्यानंतर रोज फक्त बदललेलं जातं, ते रात्रीत उरकतं.

आणि ऑफिसातला एक बऱ्यापैकी पीसी, एसएसडीवाला, राखीव ठेवा. महिन्यातून एकदा नॅसवरून डेटा त्याच्यावर उतरवा, शेअर करा, दोन पीसी त्याला जोडून टॅली उघडा. घड्याळ लावून करा. सर्व्हर उद्या सकाळी दहाला मेला तर बारा वाजता ऑफिस चालू होईल का, याचं उत्तर त्यातून मिळतं. टॅलीचा सीरियल नंबर आणि अकाउंट अ‍ॅडमिनचा ईमेल-पासवर्ड एका कागदावर हवा. परवाना हलवता आला नाही तर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडते आणि तिथं फक्त १, २ आणि ३१ तारखेच्या नोंदी होतात. भर २० तारखेला हा विनोद कुणालाच आवडत नाही.

ते घरून काम करणारे दोघं. राउटरवर ३३८९ पोर्ट उघडून सरळ सर्व्हरवर येत असतील, आणि बऱ्याच ठिकाणी असंच करून दिलेलं असतं, तर ते आज बंद करा. नवा सर्व्हर येईपर्यंतही थांबू नका. अपडेट नसलेला २०१२ आर२ आणि उघडं रिमोट डेस्कटॉप म्हणजे रॅन्समवेअरला दार सताड उघडं. राउटरवर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसात यायची कुलूपबंद वाट, बसवा, त्यातून त्यांनी आपापल्या टेबलावरच्या पीसीवर यावं, सर्व्हरवर नाही. तसं केलं तर रिमोट डेस्कटॉपचे वेगळे कॅलही लागत नाहीत.

आता जागा. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या तळमजल्यावर सर्व्हर ठेवायचा नाही, विषय संपला. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, आणि व्हीनस कॉर्नरला पाणी किती होतं ते तुम्ही पाहिलंय. नदी लांब आहे म्हणून निवांत राहू नका, जयंती नाल्यातून पाणी मागं फुगतं. सर्व्हर पहिल्या मजल्यावर, जमिनीपासून वर, एसीच्या इनडोअर युनिटखाली नाही. पण वर ठेवला म्हणून काम भागत नाही. मीटर बोर्ड तळमजल्यालाच असतो, पाणी आलं की वीज तोडतात, आणि मग कोरडा राहिलेला सर्व्हर बंद पडून असतो. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक दिवसेंदिवस थांबली. पार्ट येणं सोडाच, दूधही अडकलं होतं. म्हणून नदी इशारा पातळीला, ३९ फुटांना पोचली की सर्व्हर व्यवस्थित बंद करून, उचलून, राजारामपुरीत किंवा कुणाच्या उंचावरच्या घरी नेता आला पाहिजे. टॉवर एक माणूस उचलतो आणि मारुतीच्या मागच्या सीटवर बसतो. रॅकला स्क्रूनं बांधलेला नेताना दोघं लागतात आणि तिकडं नेऊन ठेवणार कुठं. टॉवर सुचवण्यामागं हेही एक कारण आहे.

यूपीएस एक केव्हीएचा ऑनलाइन घ्या. घरगुती इन्व्हर्टरवर सर्व्हर लावू नका. बॅकअप वेळ अर्धा तास नसला तरी चालेल. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून, बॅटरी कमी झाली की सर्व्हर आपोआप बंद होईल एवढं सॉफ्टवेअर लावून घ्या. ती केबल बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडलेली सापडते. बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत बदलायच्या, तारीख पेननं यूपीएसवर लिहून ठेवा. बसवण्याआधी वायरमनला त्या सॉकेटवर न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मल्टिमीटरनं मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंगचं काम, मग सर्व्हर.

ऑर्डर देताना वेंडरला विचारायचं ते एवढंच: वॉरंटी पाच वर्षांची, कंपनीची, जागेवर येऊन, पुढच्या कामाच्या दिवशी. त्या दिवशी येणारा इंजिनिअर कोल्हापुरात बसतो की पुण्याहून निघतो? पार्ट कुठल्या गोदामातून येतो? सर्व्हरचा सीरियल नंबर तुमच्या नावावर कंपनीच्या साइटवर दिसतो का, ते डिलिव्हरीच्या दिवशी स्वतः बघा. वार्षिक देखभाल करार वेगळा असेल तर त्यात महिन्याला एकदा बॅकअप उतरवून दाखवणं ही ओळ लिहून घ्या, नाहीतर तो येऊन धूळ पुसून जातो. घसाऱ्याचं तुम्हीच बघा, पूर्ण घसाऱ्यासाठी लागणाऱ्या १८० दिवसांच्या वापराचं गणित जमवायचं असेल तर सप्टेंबरअखेरीस यंत्र चालू झालं पाहिजे. पण ऑडिटची मुदत ३० सप्टेंबर आणि बदलाबदल त्याच आठवड्यात, असं करू नका. ऑगस्टचा पहिला पंधरवडा बरा, जुलैअखेरची रिटर्नं उरकलेली असतात. नदीवर लक्ष ठेवून.

बदलायच्या दिवशी दोन गोष्टी हमखास अडतात. पहिली, झेरॉक्स-स्कॅनरचं मोठं यंत्र, जे स्कॅन करून सरळ सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकतं. जुनं असेल तर त्याला फक्त एसएमबी १ (फायली शेअर करायची जुनी पद्धत) समजतं आणि नव्या सर्व्हरवर ते बंद असतं. सर्व्हरवर एसएमबी १ चालू करून द्या असं कुणीतरी म्हणेलच, करू नका. स्कॅनरचं फर्मवेअर अपडेट करून बघा, नाही झालं तर त्याला ईमेलनं पाठवायला लावा. दुसरी, तुमचे विंडोज ११ चे नवे पीसी. २४एच२ या आवृत्तीपासून ते बिनपासवर्डाचं शेअर उघडत नाहीत. आज सगळ्यांना मोकळं असलेलं फोल्डर उद्या दिसणार नाही. प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड सर्व्हरवर आधीच तयार करून ठेवा, आणि करताकरताच ठरवा की आर्टिकलशिपच्या मुलांना कुठली फोल्डरं दिसावीत. विंडोज १० वरचे पीसी किती उरलेत तेही मोजा, त्याचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

टॅलीचा परवाना जुन्या यंत्रावरून सरेंडर करून मगच ते बंद करा. नंतर महिनाभर तो सर्व्हर, डिस्कसकट, तसाच पहिल्या मजल्यावर ठेवून द्या, काहीतरी राहिलेलं निघतंच. भंगारवाल्याला देताना चारही डिस्क काढून घ्या आणि ड्रिल मारून द्या.

केशरी दिव्याची कॉपी झाली, स्विचचा वेग बघितला आणि २० तारखेचे डिस्क-मेमरीचे आकडे हातात आले की कळवा. उरलेली मेमरी एक जीबीच्या खाली जात असेल तर मी ३२ चं ६४ करायला सांगेन, बाकी कोटेशन असंच राहील.